अंबूबाईची पालथी टोपली

"दार कोणाले इचारून लावलं वो अण्णाजी?"

"माझ्या भिंतीला दार लावायचं तर तुला विचारू?"

"भित तुमची असंन. बोळ तुमचा हाय का?"

"मग काय तुझ्या बापाचा आहे?"

"माह्या बापाले त्याचं काय काम पडलं! मानसाइले काय, कोठीबी उभे राह्यतात. तुमच्याच भितीले पाहा ना, खालून कशा रेघोट्या उमटून राह्यल्या. त्याइच्यासाठी नाही लावलं दार!"

हे भांडण मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं. हातात फोडणीची पळी होती, मोहरी जळून कोळसा झाली, आणि मी तोंडात पदर कोंबून हसत होते. मामंजींना असं तोंडावर बोललेलं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. आज ते भांडण आठवलं की हसू येत नाही. पुढे त्या भांडणात माझाही एक शब्द पडला, आणि तो नको त्या बाजूला पडला.

मामंजी म्हणजे माझे सासरे, नारायणराव; बाकी सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. नांदुऱ्याला एका कापसाच्या पेढीवर कारकून होते. माझे यजमानही तिथेच लागले. महाराष्ट्र नुकताच झाला होता. आधी मध्यप्रदेश, मग मुंबई राज्य, आता हे. मामंजी म्हणायचे, "तीनदा राज्य बदललं, पण टपाल अजून याच घरी येतं." घर बाजाराच्या पाठीला लागून. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून अर्धा बाजार दिसायचा. मी तो रोज बघायची. बाजारात मात्र कधी गेले नव्हते. आमच्या घरच्या बायका खिडकीतूनच बाजार करायच्या.

आणि अंबूबाई म्हणजे वाडीवाली. गावाबाहेर विहिरीवर तिची भाजीची वाडी होती. मेथी, पालक, वांगी, कोथिंबीर. नवरा लवकर गेला होता, मुलगा आणि ती मिळून वाडी करायचे. बाजाराच्या दिवशी उजाडता उजाडता टोपली डोक्यावर घेऊन यायची, आणि बाजारात बसण्याआधी माझ्या मागच्या पायरीवर थांबायची. दिवसाची बोहनी माझ्या हातची. एकदा कधीतरी मी सकाळी पहिली जुडी घेतली आणि त्या दिवशी तिची टोपली दुपारच्या आत रिकामी झाली. तेव्हापासून तिने ठरवून टाकलं की वयनीचा हात चांगला. ती मला वयनी म्हणायची, अहो-जाहो करायची. मी तिला अगं-तुगं करायची. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठी असेल. तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आता लिहिताना हात अडखळतो.

बोहनी झाली की ती माझ्याकडून तांब्याभर पाणी घ्यायची. वरून धार धरायची, घटाघटा प्यायची, उरलेलं तोंडावर मारायची आणि म्हणायची, "चाला, आता दिसभर बोंबलायले मोकळी."

आता त्या बोळाचं. आमची भिंत आणि शेजारच्या गोदामाची भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी वाट होती. बाजारातून निघून ती मागच्या पडीत जागेवर जायची. तिथे निवडुंगाचं कुंपण, दोन पडक्या भिंती. बाजाराला बसणाऱ्या बायकांची तेवढीच आडोशाची जागा. कुणी दिलेली नाही, कुणी लिहून ठेवलेली नाही. पण तिचा एक कायदा होता. आत जाणारी बाई आपली रिकामी टोपली बोळाच्या तोंडाशी पालथी घालायची. टोपली पालथी दिसली की दुसरी बाहेर थांबायची. आणि पुरुष कितीही उनाड असो, पालथी टोपली ओलांडून आत पाऊल टाकत नसे. बाजारात वजनाला मारतील, भावावरून आयाबहिणी काढतील, पण ती टोपली पाळायचे. हे सगळं मी खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्यावर कधी विचार केला नव्हता. आमच्या परसात आमचा संडास होता, मला विचार करायचं कारणच नव्हतं.

मग माझी नणंद स्नेहलता हिला बघायला पाहुणे आले. नेमके बाजाराच्या दिवशी. मुलाची आई खिडकीशी बसली होती. चहा घेता घेता तिने बाहेर बघितलं आणि विचारलं, "या बायका सारख्या तुमच्या भिंतीशी कुठे जातात हो?" स्थळ काही जमलं नाही. आता ते बोळामुळे मोडलं की स्नेहलताच्या उंचीमुळे, देव जाणे. पण मामंजींनी बोळ धरला. "घराण्याची लाज जाते," म्हणाले. आठ दिवसांत सुतार आणून बोळाच्या तोंडाला सागवानी दार लावलं, वर कुलूप. आपली लाज झाकायला आम्ही वीसेक बायांचा आडोसा काढून घेतला, एवढं साधं मला तेव्हा दिसलं नाही.

त्या दारावरूनच ते भांडण झालं. अंबूबाई त्या दिवशी गेली ती थेट अर्ज लिहून घ्यायला. बाजारातल्या सतरा जणींनी अंगठे उठवले. मग पालिकेचे एक ओव्हरसियर चौकशीला आले. भला माणूस, घाम पुसत पुसत टेप लावून मोजत होता. त्याने मामंजींना विचारलं, "दार कधीपासून आहे?" मामंजी म्हणाले, "जुनंच आहे, फक्त फळ्या बदलल्या." तो म्हणाला, "घरातल्या कुणाचं तरी लिहून द्या. बायामाणसांचं असलं तर बरं, तक्रार बायांची आहे."

मला बाहेर बोलावलं. मी पदर घेऊन उभी. दाराबाहेर अंबूबाई आणि तीन-चार जणी. अंबूबाई माझ्याकडे बघून चक्क हसली. तिला वाटलं, चला, आता आपलं माणूस आलं.

साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा हे दार होतं?"

मामंजी खाली बघत होते. हे, म्हणजे माझे यजमान, छताकडे बघत होते. मी म्हटलं, "हो. होतं."

साहेबांनी कागद पुढे केला. मी तिसरी पास. सासरी आल्यापासून सही करायची वेळ कधी आली नव्हती. माहेरी पाटीवर गिरवून गिरवून ती बसवली होती, आणि चार बायकांत मला तिचा तोरा होता. अक्षर वळणदार काढलं. सौ. शारदा, पुढे यांचं नाव, पुढे आडनाव. खाली एक रेघही ओढली. माझ्या आयुष्यातली पहिली कामाची सही, आणि ती खोट्याखाली. सतरा अंगठे एका बाजूला आणि माझी एक सही एका बाजूला. कागद माझ्या बाजूला झुकला.

अंबूबाईच्या बरोबरच्या एकीने, सिंधूताईने, तोंड उघडलं. "हे काय वो वयनी! मांगच्या दिवाळीले तर दार..." अंबूबाईने तिच्या दंडाला धरलं. "चाल व. बजार उघडा पडून राह्यला."

मला वाटलं, आता ही काही माझ्या पायरीवर येत नाही. पुढच्या बाजारी उजाडलं तशी मी कान देऊन होते. नेहमीच्या वेळेला टोपली टेकल्याचा आवाज झाला. "वयनी, मेथी हाय, घ्या." मी जुडी घेतली, पैसे दिले, तिने ते डोळ्यांना लावले. मी तांब्या भरून पुढे केला. तिने बघितलंसुद्धा नाही.

"नको. आज बजार हाय."

पुढच्या बाजारीही तेच. त्याच्या पुढच्याही. मी मनात म्हटलं, अस्सं! म्हणजे आमच्या घरचं पाणी सोडलंय. भाजी विकायला चालते, पाणी चालत नाही. मी चिडले. खोटं बोलणाऱ्याला राग फार लवकर येतो. शेजारच्या सरस्वतीबाईंना मी सांगितलं, "अंबूबाईचा ताठा बघा. एका दारापायी माझ्या हातचं पाणी बंद केलंय." सरस्वतीबाई म्हणाल्या, "डोक्यावर बसवून घेतलंत, आता भोगा." आम्ही दोघी बराच वेळ तिच्या ताठ्यावर बोललो, कुरडया घालता घालता.

दोन वर्षं मी हे असंच समजत होते.

मग माझ्या माहेरी, बीबीला, भाचीचं लग्न निघालं. मी आणि हे एसटीने निघालो. वाटेत एका स्टँडवर गाडी बदलायची होती. पुढची गाडी बंद पडली. दुसरी येते, येते म्हणत दुपार झाली. निघताना मी दोनदा चहा घेतला होता, आणि लिंबाचं सरबत. उन्हातून जायचं म्हणून तांब्याभर पाणीही. आता झालं काय, ते सांगायला नकोच. स्टँडवर शंभर माणसं. मागे भिंत, भिंतीशी ओळीने पुरुष उभे. हेही तिकडे गेले, दोन मिनिटांत परत आले आणि पानाच्या ठेल्यावर गप्पा मारू लागले. मी बाकाच्या टोकाला बसले होते, पाय घट्ट आवळून. मला घाम फुटला. हे म्हणाले, "चेहरा असा काय केलास? ऊन लागलं का?" मी म्हटलं, "हो." यांना सांगता येत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला सांगायचं? एवढी मोठी उघडी जागा, आणि त्यात मला पाय टेकायला जागा नाही. मी हातातला पाटल्यांचा जोड मोजत बसले, एक दोन, एक दोन.

शेंगा विकणारी एक म्हातारी बराच वेळ माझ्याकडे बघत होती. ती उठली, माझ्या मनगटाला धरून म्हणाली, "ऊठ व माय. चाल." तिने मला स्टँडच्या मागे दूर बाभळींत नेलं, स्वतःच्या लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी पसरून उभी राहिली आणि पाठ करून गावाला शिव्या देत राहिली. परत येताना म्हणाली, "नवी दिसतेस. घराबाहीर निघायचं तं पानी पेत नसतात व बाई. आमी बजाराले बसलो की थेंब घेत नाही."

आज बजार हाय. आज बजार हाय. दोन वर्षं दर आठवड्याला ती मला कारण सांगत होती आणि मी तिचा ताठा मोजत होते. ती माझं पाणी सोडत नव्हती. ती पाणीच सोडत होती. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत, उन्हाळ्यातसुद्धा, आणि ते माझ्या सहीने.

लग्नात मी काय जेवले, कोण भेटलं, काही आठवत नाही.

परत आल्यावर पहिल्याच बाजारी मी तिला पायरीवर बसवलं. पहिल्यांदा अहो म्हटलं. "अंबूबाई, तुम्ही आमच्या परसातून आत येत जा. मी कडी काढून ठेवीन. मामंजी पेढीवर असतात. कुणाला कळणार नाही."

तिने मेथीच्या जुडीची माती झटकली. "मी येईन. अन् बाकीच्या?"

"बाकीच्यांचं नंतर बघू."

"वयनी, तुमी घरात बोलावता, हा तुमचा मोठेपणा हाय. पण मंग मले रोज तुमचं तोंड पाहून येणं आलं. आज कडी काढली, उद्या पाव्हने हायत, परवा सोवळं हाय. बोळात जाताना आमी कोणाचं तोंड पाहत नव्हतो. टोपली घातली का झालं. ते आमचं होतं."

मी विचारलं, "मग माझ्याकडे बोहनीला तरी का येता अजून? मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले."

ती हसली, खरंखुरं हसली. "हात चांगला हाय तुमचा. जिभेची बोहनी थोडीच घेतो मी!"

त्या दिवशी मी यांच्याशी बोलले. म्हटलं, "मी त्या कागदावर खोटं लिहून दिलंय. ते दुरुस्त करायचंय."

हे म्हणाले, "आता? अण्णा बसले असताना त्यांना खोटं पाडतेस?"

"पण बायांनी जायचं कुठे?"

यांना खरंच कळलं नाही. वाईट माणूस नव्हते. "कुठे म्हणजे? एवढं गाव पडलंय."

मी गप्प बसले. आणि मग गप्प बसायची सवय लागली. मामंजी असेपर्यंत नको, म्हटलं. ते आणखी दोन वर्षं होते. ते गेल्यावर म्हटलं, वर्षश्राद्ध होऊ दे. मग स्नेहलताचं लग्न ठरलं, त्यात कशाला काढायचं. मग बोळात आमच्या जळणाच्या पऱ्हाट्या रचलेल्या होत्या, त्या संपू देत. कारणांना माझ्याकडे कधी तोटा पडला नाही. कुलपाची किल्ली आता माझ्याच कमरेला होती. मामंजींचा धाक संपला होता. आता दार माझं एकटीचं होतं, आणि ते बंद होतं.

या काळात अंबूबाईला लघवीच्या आगीचा त्रास सुरू झाला. थंडी वाजून ताप यायचा, पाय सुजायचे. खामगावला डॉक्टरला दाखवून आली. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणे पानी खूप पी. मी म्हटलं, पेतो ना बाप्पा, बजाराचा दिस सोडून." आणि स्वतःच्या बोलण्याला स्वतःच हसली. मीही हसले. हसण्याशिवाय तिने मला दुसरी वाट ठेवली नव्हती.

ती एकोणसत्तर साली गेली. तिच्या सुनेने, गीताबाईने, निरोप पाठवला. तेरावं झाल्यावर मी उठले, पदर घेतला आणि यांना सांगून एकटी पालिकेत निघाले. माझ्या खिडकीपासून बाजार वीस पावलांवर. पंधरा वर्षांत मी तो एकटीने कधी ओलांडला नव्हता. बायका आपापल्या पोत्यांवर बसल्या होत्या, सगळ्या मला ओळखत होत्या. सिंधूताईने नुसतं बघितलं. कुणी वाट अडवली नाही. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

मी नवा कागद दिला. दार बासष्ट साली लावलं, आधी मी खोटं सांगितलं होतं, असं माझ्या अक्षरात. त्याखाली सही केली, रेघ न ओढता. दार काढलं. पुढे तिथे दोन भिंती बांधल्या गेल्या, वर पत्रा आला. दार निघालं त्याच्या पुढच्या बाजारी मी खिडकीतून बघितलं तर बोळाच्या तोंडाशी एक टोपली पालथी होती. गीताबाईची. मी खिडकी लावून घेतली. लोक म्हणाले, शारदाबाईंनी चांगलं केलं. तेवढं म्हणू नका, असं मला प्रत्येकाला सांगावंसं वाटलं. जिच्यासाठी करायचं होतं ती सात वर्षं तहानेली बसली आणि गेली.

तिच्या शेवटच्या बाजाराचं सांगते आणि थांबते.

ती आली तेव्हा फटफटलं होतं. चाल मंद झाली होती, पाय टरारले होते, वहाणांचे पट्टे मांसात रुतले होते. टोपली पायरीवर टेकली. "वयनी, मेथी हाय, घ्या." जुडी माझ्या हातात दिली, वर कोथिंबिरीच्या दोन काड्या. मी पैसे दिले. तिने ते डोळ्यांना लावले आणि टोपलीच्या काठालाही लावले, नेहमीसारखे. माझ्या कमरेला किल्ली होती. मला ती टोचत होती. आज बोलू, म्हटलं. मग म्हटलं, पुढच्या बाजारी.

मी तांब्या भरून पुढे केला.

"नको. आज बजार हाय."

मी टोपलीला हात लावला, तिने ती डोक्यावर घेतली. बोळाच्या दारापुढून, कुलपाकडे न बघता, आपल्या जागी गेली. पोतं अंथरलं, जुड्या रचल्या, मोठ्या खाली, कोवळ्या वर. मग घरून आणलेल्या लोट्यात हात बुडवला आणि भाजीवर पाणी शिंपडू लागली.